नाक मुरडण्याआधी...

धाकटी नणंद न्यू जर्सीला असते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा बॅगेतून काचेची एक भली मोठी बरणी काढून तिनं ओट्यावर ठेवली. आत हिरवट पाण्यात बोटभर लांबीच्या अख्ख्या काकड्या. 'कोशर डिल पिकल,' ती म्हणाली.

'लोणचं? यात तेल कुठाय? तिखट कुठाय?' सासूबाईंनी एक घास घेतला आणि नाक मुरडलं. 'अगं, शेपूचा वास येतोय याला!'

वास अगदी बरोबर ओळखला होता त्यांनी. डिल म्हणजे आपल्या शेपूचीच सख्खी बहीण. शेपूचं बी म्हणजे बाळंतशोपा, हे तर तुम्हा-आम्हाला सांगायला नको. शेपूची जुडी घरात आली की पोरं नाकाला रुमाल लावतात, आणि तिकडे त्याच वासासाठी लोक पैसे मोजतात! आपल्या शेजारच्या कर्नाटकात १९९०च्या सुमारास अशा लोणच्याच्या लहान काकड्यांची शेती सुरू झाली. आज तिथून पिंपंच्या पिंपं परदेशी जातात. आपल्याला मात्र पत्ताच नाही.

मग नणंदेकडून सगळं नीट समजून घेतलं. 'कोशर' हा ज्यू लोकांचा शब्द. त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे खायला योग्य, असा त्याचा अर्थ. डुकराचं मांस वर्ज्य, मांस आणि दूध एकत्र नाही, असे कितीतरी नियम. आपल्या रायगड जिल्ह्यातले बेने इस्रायल लोकही ते पाळत आले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बोलायचे मात्र आपल्यासारखंच मराठी. हे लोणचं काही त्यांचं नव्हे. ते पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचं. १८८० नंतर लाखो ज्यू तिकडची गरिबी आणि छळ सोसून न्यू यॉर्कला आले, त्यांच्याबरोबर ते आलं. त्या शहरातल्या लोअर ईस्ट साइड वस्तीत हातगाड्यांवर, लाकडी पिंपांतून ते विकलं जाई. आता 'कोशर डिल' म्हणजे भरपूर लसूण आणि शेपू घातलेलं त्या पद्धतीचं लोणचं, एवढाच अर्थ उरलाय. बरणीवर नाव असलं म्हणजे ते धर्मगुरूंच्या देखरेखीखाली झालंय असं नाही. त्याचा शिक्का वेगळा असतो.

'वहिनी, दुकानातल्या पुष्कळ बरण्यांत व्हिनेगर असतं. खरं लोणचं नुसत्या मिठाच्या पाण्यात आंबतं,' नणंद म्हणाली. म्हटलं, मग करूनच बघू. आपल्या कोकणात नाही का कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालत!

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साधारण ५० ग्रॅम मीठ. कोवळ्या, बी न धरलेल्या काकड्या धुऊन त्यांचं फुलाकडचं टोक कापायचं, नाहीतर त्या मऊ पडतात. बरणीत ठेचलेल्या लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, शेपूची मूठभर डहाळी (फुलोरा मिळाला तर उत्तमच), मिरी, मोहरी, धणे आणि एक तमालपत्र. वरून वाटी ठेवून काकड्या पाण्याखाली दाबायच्या आणि झाकण सैल ठेवायचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत बुडबुडे येतात, पाणी गढूळ होतं. घाबरू नका, दह्याला विरजण लागतं तसंच हे. आंबट झालं की फ्रीजमध्ये. बुळबुळीत झालं, रंगीत बुरशी आली किंवा घाण वास सुटला, तर मात्र सरळ टाकून द्या.

खायचं कसं? लोणच्यासारखं चाटून नव्हे, कोशिंबिरीसारखं कुरकुरीत फोडी करून. उकडलेल्या बटाट्याच्या सँडविचमध्ये, थालीपिठाबरोबर, दहीभाताबरोबर. उरलेलं पाणी चमचाभर बटाट्याच्या कोशिंबिरीत घालावं. मीठ भरपूर असतं, म्हणून बी.पी. असणाऱ्यांनी बेतानंच. आणि हो, तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं!

पण मैत्रिणींनो, माझ्या मनात रुतून बसली ती वेगळीच गोष्ट. न्यू यॉर्कच्या त्या वस्तीतली गरीब मुलं दुपारच्या खाण्याच्या एक-दोन सेंटात पावाबरोबर हेच लोणचं घेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सुशिक्षित समाजसेविका आणि आहारतज्ज्ञ हे बघून हळहळत. अशा झणझणीत, आंबट चवीनं मुलं चिडचिडी होतात, पुढे दारूकडे वळतात, असंही काहींना वाटे. तेच लोणचं आज अमेरिकेत घरोघरी आहे.

हे ऐकलं आणि मी गप्पच झाले. कारण त्या बायकांमध्ये मला मीच दिसले.

आम्ही काहीजणी गावाबाहेरच्या वस्तीत बचत गटाचं, मुलांच्या आरोग्याचं काम करतो. एकदा एका मुलीच्या डब्यात भाकरी आणि लोणच्याची फोड बघून मी तिच्या आईला सगळ्यांदेखत म्हणाले, 'नुसतं लोणचं काय देता हो? डाळ, भाजी देत जा की!' ती खाली मान घालून म्हणाली, 'बाई, भाजी असती तर दिली नसती व्हय?'

लोणच्यावर मूल वाढत नाही, हे खरंच आहे. डाळ हवी, पालेभाजी हवी, अंडं हवं. ते सांगणं मी सोडणार नाही. पण त्या माउलीला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? कोरडी भाकरी लेकीच्या घशाखाली उतरावी म्हणून तिनं जे होतं ते दिलं होतं. मी तिला अडचण विचारायला हवी होती, आणि मी तिला शहाणपण शिकवलं.

आता वस्तीत गेले की आधी विचारते, 'आज काय केलंत?' मग ऐकते. बोलायचं ते त्यानंतर. बायका आता मोकळ्या बोलतात. बाजारच्या दिवशी मिळून भाजी आणायचं आमच्या गटात ठरलं, तेही अशाच बोलण्यातून.

सुनेच्या माहेरची आमटी असो, शेजारणीचा डबा असो की परदेशातली काकडी... दुसऱ्याच्या ताटाकडे बघून आपण किती पटकन नाक मुरडतो! एक घास घेऊन तर बघा. आणि घास घेण्याआधी, हे त्या ताटात का आलं, एवढं विचारा.