रजेचे दिवस आणि पर्वताची उंची

ग्वाल्हेरच्या मराठी समाजाला हिमालयाची ओढ नवी नाही. पूर्वीची पिढी चारधाम यात्रेस जात असे. आज तरुण व मध्यमवयीन मंडळी गोमुख, तपोवन, फुलांची घाटी अशा ठिकाणी पाठीवर सामान घेऊन पायी जाऊ लागली आहेत आणि त्यांत डॉक्टरमंडळी अग्रभागी असतात, ही निश्चितच आनंदाची गोष्ट आहे. पाटणकर बाजारातील माझ्या दवाखान्यात एप्रिल उजाडला की अशा सहलींचे कार्यक्रम आणि त्यांसोबतचे आरोग्य प्रमाणपत्रांचे कोरे नमुने येऊ लागतात. ते पाहून मनात जे येते, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने स्पष्टपणे मांडावेसे वाटते. हे कार्यक्रम रजेच्या दिवसांवरून आखलेले असतात, पर्वताच्या उंचीवरून नव्हे. आणि त्यांस जोडलेल्या प्रमाणपत्रांवर आपण डॉक्टरच, बहुधा स्नेहाखातर, सही करीत असतो. या दोन्ही प्रथा बदलल्या पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणादाखल आपल्या मंडळींचे आवडते गंगोत्री राष्ट्रीय उद्यान घेऊ. उत्तरकाशी जिल्ह्यातील हे उद्यान १९८९ साली स्थापन झाले. आपले शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे. उत्तरकाशी सुमारे १,१५०, गंगोत्री सुमारे ३,१००, भोजबासा सुमारे ३,८०० आणि शिवलिंग शिखराच्या पायथ्याचे तपोवन सुमारे ४,४५० मीटरवर आहे. प्रचलित कार्यक्रम असा असतो : रात्रीच्या गाडीने हरिद्वार, दुसरा मुक्काम उत्तरकाशी, तिसरा गंगोत्री, चौथा भोजबासा आणि पाचवा तपोवन. कागदावर हे अत्यंत सुटसुटीत दिसते. परंतु याचा अर्थ असा की, आपण केवळ तीन दिवसांत निजण्याची जागा ३,३०० मीटरने उंचावतो. तपोवनात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो आणि शरीराला त्याची ओळख करून घेण्यास वेळच मिळालेला नसतो.

आपल्या वैद्यकशास्त्राला हे अज्ञात आहे असे मुळीच नाही. किंबहुना या विषयावरील पायाभूत काम भारतीय डॉक्टरांनीच केले आहे. १९६२ च्या युद्धकाळात मैदानी प्रदेशातून सैनिकांना वेगाने उंचावर न्यावे लागले. त्यानंतर इंदर सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ सैनिकांच्या उंचीवरील आजाराचे निरीक्षण १९६९ साली प्रसिद्ध केले. हे सैनिक तरुण होते, सुदृढ होते. तरीही उंचीने त्यांची गय केली नाही. पुढे नेपाळमधील फेरिचे येथे, ४,२४३ मीटरवर, झालेली २७८ पदयात्रींची पाहणी १९७६ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ५३ टक्के जणांना उंचीचा आजार जडलेला आढळला आणि खालून पायी चालत आलेल्यांपेक्षा विमानाने लुक्लापर्यंत आलेल्यांत त्याचे प्रमाण अधिक होते. तात्पर्य, निर्णायक गोष्ट दंडातील बळ नव्हे, तर चढण्याचा वेग होय. रोज पहाटे किल्ल्याची उरवाईची चढण चढणाऱ्याचे पाय मजबूत होतात, दमही वाढतो आणि तो सराव अवश्य करावा. पण त्या टेकडीची उंची शंभर मीटरच्या आसपास. विरळ हवेची सवय ती लावू शकत नाही.

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर निजण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक उंचावू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. गंगोत्रीच्या वाटेवर हा नियम तंतोतंत पाळता येत नाही, कारण गंगोत्रीनंतरचा प्रचलित मुक्काम थेट भोजबासाच. म्हणूनच आधी व नंतर दिवस राखून ठेवणे भाग आहे. माझ्या मते उत्तरकाशीनंतर एक रात्र हर्षिलला, दोन रात्री गंगोत्रीला आणि दोन रात्री भोजबासाला काढाव्यात. भोजबासाच्या दुसऱ्या दिवशी गोमुख पाहून परत खाली यावे आणि सर्वांची प्रकृती ठीक असेल तरच तिसऱ्या दिवशी तपोवनाचा विचार करावा. गोमुखापुढची वाट हिमनदीवरील दगडधोंड्यांच्या ढिगाऱ्यांतून जाते आणि ती बदलत राहते. तेव्हा स्थानिक मार्गदर्शक हवाच.

यावर हमखास तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, एवढी रजा कोणास मिळते? प्रश्न रास्त आहे. दवाखाना बंद ठेवणे आपणां कोणासही सोपे नाही. परंतु उत्तर पर्वताला घाई करावयास लावणे हे नसून ठिकाण बदलणे हे आहे. सातच दिवस असतील तर हर्षिल-गंगोत्री करावी, देवदारांच्या छायेत चालावे आणि तपोवन पुढील वर्षासाठी ठेवावे. त्यात कमीपणा कसला? पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी १९ मे २०१२ रोजी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले. एव्हरेस्टवर जाणारे कसलेले गिर्यारोहकसुद्धा उंचीची सवय व्हावी म्हणून कित्येक आठवडे वर-खाली करण्यात घालवितात. मग आपण तीन दिवसांत उरकू पाहणारे कोण?

दुसरा आक्षेप, ॲसिटाझोलामाइड घेतले की झाले! हे औषध उपयुक्त आहे यात शंका नाही. १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतल्यास आजाराची शक्यता कमी होते. परंतु ते शरीराच्या जुळवून घेण्याला साह्य करते, त्याची जागा घेत नाही. औषधाच्या भरवशावर कार्यक्रम आणखी आवळणे म्हणजे छत्री आहे म्हणून पुरात उतरण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप आपल्या समाजाला विशेष लागू पडतो : “आमच्यात चार डॉक्टर आहेत, काळजी कसली?” माझ्या मते हाच विश्वास सर्वांत घातक होय. फुप्फुसांत वा मेंदूत सूज चढू लागली की खरा उपचार एकच, तो म्हणजे रुग्णास खाली नेणे. डेक्सामेथासोन, निफेडिपिन, प्राणवायू ही सारी खाली नेईपर्यंतची साधने आहेत. शिवाय त्या उंचीवर डॉक्टरचा मेंदूही त्याच विरळ हवेवर चालत असतो. डोकेदुखीस ‘ऊन लागले’ आणि भ्रमास ‘थकवा आला’ असे म्हणण्याचा मोह त्यालाही होतो. म्हणून परत फिरण्याचा नियम घरून निघण्यापूर्वीच लिहून काढावा. डोकेदुखीसोबत उलटी असल्यास वर जायचे नाही; तोल जाऊ लागला किंवा विश्रांती घेतानाही धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरायचे. हा निर्णय घेणारा एकच प्रमुख ठरवावा आणि त्याच्यापुढे वय, नाते वा पदवी यांपैकी काहीही चालू नये.

उद्यानाचे नियमही आखणीत आरंभापासूनच धरले पाहिजेत. प्रवेशद्वार साधारणतः एप्रिल ते नोव्हेंबर खुले असते. गोमुखाकडे दिवसाला १५० जणांनाच सोडण्याचे बंधन घातले गेले ते हिमनदीच्या रक्षणाकरिताच. परवाना विशिष्ट तारखांचा असल्याने ‘आज नाही गेलो तर संधी गेली’ असे दडपण येते आणि आजारी माणसालाही पुढे ढकलले जाते. राखीव दिवस धरूनच परवाना मागणे हा त्यावर उपाय आहे. हवामानासाठीही तेच. जून २०२४ मध्ये सहस्रतालच्या वाटेवर हवामान बिघडून कर्नाटकातील नऊ पदयात्री मृत्युमुखी पडले. निसर्गापुढे कोणाचा इलाज चालत नाही, हे खरे. पण थांबण्यास हाताशी दिवस असणे, हे मात्र आपल्या हाती असते.

आता प्रमाणपत्राविषयी. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या पदभ्रमणास वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अन्य आयोजकही ते मागतात. उंचीचा आजार कोणास होईल हे त्यावरून कळत नाही. परंतु छातीतील कळ, तीव्र रक्तक्षय, अनियंत्रित रक्तदाब, फुप्फुसाचा जुना विकार, पूर्वी उंचीवर झालेला त्रास किंवा सल्फा औषधांची ॲलर्जी, या गोष्टी विचारल्या तर खालीच उघड होतात. इन्शुलिन घेणाऱ्यास थंडीत औषध गोठण्यापासून कसे जपावे हे सांगता येते. मात्र ‘अमुकअमुक यांचे मेहुणे आहेत, सही करून टाका’ या पद्धतीने दिलेल्या कागदाने तपासणी झाल्याचा केवळ आभास होतो. त्या कागदावर विसंबून राहणारा प्रमुख भोजबासाला आपल्या सहीच्या भरवशावर एखाद्याला पुढे नेतो, हे सही करताना ध्यानी असू द्यावे.

माझी आपल्या मंडळास विनंती आहे की, एक पानाचा सामाईक नमुना तयार करावा; रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि चाळिशीपुढील व्यक्तींचा ईसीजी पाहिल्याविना कोणीही सही करू नये; आणि स्वतःच्या आप्तास स्वतः प्रमाणपत्र देऊ नये. त्याच नमुन्याच्या मागे प्रत्येक मुक्कामाची उंची लिहिण्याचा रकाना असावा. तो भरताना ५०० मीटरचा नियम कोठे मोडतो आहे, हे सहलीस निघणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर येईल आणि तारखा बदलण्यास त्याच्यापाशी वेळही असेल. प्रसंगी स्नेह्यांची नाराजी पत्करावी लागेल. ती पत्करणे हेही आपल्या व्यवसायाचे कर्तव्यच आहे. आपल्या मंडळींनी हिमालयात अवश्य जावे, वारंवार जावे आणि प्रत्येक तुकडी जितकी गेली तितकीच परत यावी, हीच सदिच्छा.