घरात डोळा आला, घरच्यांना विचारलं का?

यंदाच्या ईदच्या आधी रोह्याच्या एका घरात नवी वस्तू आली. दिसायला फोटोफ्रेम, पण बोलणारी. रियाधहून मुलाने ऑनलाइन मागवली, कुरिअरवाल्याने थेट अम्मींच्या हातात दिली, शेजारच्या कॉलेजातल्या पोराने वायफायला जोडून दिली. गुडघ्यांनी बेजार झालेल्या अम्मींना आता मोबाइल शोधत घरभर फिरावं लागत नाही. यंत्राला हाक मारून मुलाचं नाव घेतलं की काचेवर मुलगा हजर. ईद मिळायला आम्ही गेलो तेव्हा त्या कौतुकाने दाखवत होत्या. सून मात्र माजघराच्या दारातच थांबली. चहा घेऊन आली तीही ओढणी सारखी करत, नजर त्या काचेवर. हळूच म्हणाली, “टीचर, हे चालू आहे का बंद, कळतच नाही हो.”

आम्ही हसून विषय बदलला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

अशी यंत्रं आपल्याकडे झपाट्याने शिरताहेत आणि त्याचं कारण उघड आहे. रोहा, पेण, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात कोणाचा भाऊ कुवेतला, कोणाचा नवरा दुबईत. पूर्वी खतं यायची, मग कॅसेटमध्ये आवाज भरून यायचा, मग एसटीडी बूथवरची रांग. आता व्हिडिओ कॉल. तोही सगळीकडे सुखाने मिळत नाही. सौदीने इंटरनेट कॉलवरची बंदी 2017 च्या सप्टेंबरमध्ये उठवली. अमिरातीत मात्र व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाही, म्हणून दुबईवाल्यांच्या घरी ‘बोटिम’ ठेवावं लागतं. आणि 3 जून 2020 चं निसर्ग वादळ कोण विसरलंय? पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, टॉवर बंद पडले. परदेशातली माणसं कितीतरी दिवस आपल्या घराचा फोन लावत राहिली आणि इकडे रिंगसुद्धा वाजत नव्हती. ज्याने ते दिवस काढले तो घरचा चेहरा रोज बघायची सोय विकत घेणारच. त्याला नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही.

पण सोय नेमकी कोणाची, ते बघू या. साध्या फोनवर कॉल आला की आपण उचलतो किंवा उचलत नाही. घरात ठेवायच्या या यंत्रांपैकी काहींत आणखी एक प्रकार असतो. अॅमेझॉनच्या इको शोमध्ये त्याला ‘ड्रॉप इन’ म्हणतात. ज्याला एकदा परवानगी दिली तो माणूस कॉल न उचलताही थेट जोडला जातो. सुरुवातीचे काही क्षण चित्र धूसर असतं, मग स्वच्छ. ही सोय बंद ठेवता येते, कॅमेऱ्यावर सरकवायची झाकणीही असते. मात्र सेटिंग ज्याच्या खात्यात, चावी त्याच्या हातात. रोह्याच्या त्या घरात खातं रियाधच्या मुलाचं आहे. अम्मींना पासवर्ड म्हणजे काय ते माहीत नाही आणि सुनेला तो कोणी सांगितलेला नाही. दीड-दोन हजारांत मिळणारे वायफाय कॅमेरे तर याहून सरळ. मोबाइलवर घर दिसतं आणि तिकडून बोललेलं इकडे ऐकू येतं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने ‘माझे अब्बा’ या निबंधात लिहिलं होतं की अब्बा कॅमेऱ्यातून अभ्यासाला बस म्हणतात तेव्हा ती दचकते. निबंधाला आम्ही गुण दिले. शेरा काय लिहावा ते सुचलं नाही.

प्रायव्हसीचा विषय निघाला की आपल्या लोकांचं बोट लगेच कंपनीकडे जातं. जावंच. 31 मे 2023 रोजी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अॅमेझॉनवर दोन प्रकरणं एकाच वेळी काढली. मुलांचे आवाज अलेक्साने साठवून ठेवले, पालकांनी सांगूनही नीट पुसले नाहीत, याचे अडीच कोटी डॉलर. याच कंपनीच्या ‘रिंग’ कॅमेऱ्यांचे खासगी व्हिडिओ कर्मचारी पाहू शकत होते, एकाने तर बायकांच्या खासगी खोल्यांतले व्हिडिओ पाहिले होते, त्याचे 58 लाख डॉलर. आरोप आपल्याला मान्य नाहीत असं म्हणत कंपनीने पैसे मोजले. आपल्याकडे 2025 च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहातलं महिला रुग्णांचं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचे तरुण होते. असं चित्रण चोरायला फार मोठी विद्या लागत नाही, कॅमेऱ्याचा कंपनीचाच पासवर्ड तसाच ठेवलेला असला की पुरतं. आपल्या गल्लीतला कॅमेरा बसवणारा पोरगा पासवर्ड बदलून देतो का, हे एकदा विचारून बघा. त्यानंतर 9 एप्रिल 2025 पासून केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली, हे बरं झालं. आधीच भिंतीवर लागलेल्या कॅमेऱ्यांना तिचा काय उपयोग?

तरी आमच्या मते खरी गाठ कंपनीशी नाही, घराशी आहे. आणि तिथे कायदा फार आत येत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं. त्यावरून 2023 मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. बऱ्याचशा तरतुदींना अजून मुदत आहे. याच कायद्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट सूट आहे: एखादी व्यक्ती स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी माहिती हाताळत असेल तर हा कायदा लागू नाही. म्हणजे कंपनीला जाब विचारता येईल, पण नवऱ्याने परदेशातून माजघर पाहिलं तर हा कायदा तिच्या मदतीला येत नाही. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्या असं तो सांगतो. बघणारा पालकच असेल तर?

कोर्टांचा रोखही एकसारखा नाही. 14 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जोडीदाराचं नकळत रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं. त्याच वर्षी मे महिन्यात मात्र याच न्यायालयाने कोलकात्याच्या दोन भावांच्या प्रकरणात दखल द्यायला नकार दिला आणि कलकत्ता उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. एका भावाने राहत्या घरात कॅमेरे लावले होते, दुसऱ्याने हरकत घेतली. एकत्र राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरा चालवणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे, असा तो निकाल. आम्हाला हा निकाल फार मोलाचा वाटतो. यात पाहणारा परका नव्हता, सख्खा भाऊ होता. तरीही विचारायला हवं होतं.

आणि आपल्याला हे कोर्टाने शिकवावं लागावं, याचीच थोडी शरम वाटते. मदरशातल्या मुलाला विचारा. सूर-ए-नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात इजाजत आणि सलामाशिवाय पाऊल टाकू नका असं आहे, एवढं तो सांगेल. पुढची आयत मात्र आपण घाईघाईत वाचतो. फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून आराम करताना आणि इशानंतर घरातल्या लहान मुलांनीसुद्धा विचारून आत यावं, असं तिथे सांगितलंय. घरातल्या घरात, आपल्याच माणसांना. बाहेर निघताना पडद्याचा आग्रह धरणारे आपण, माजघरात चोवीस तास उघडा डोळा बसवताना बायकांना एका शब्दाने विचारत नाही.

पेणमध्ये आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी एकटे राहतात, मुलगी पनवेलला. मागच्या पावसाळ्यात ते मोरीजवळ घसरून पडले. मुलीने कॅमेऱ्यात पाहिलं, शेजाऱ्यांना फोन केला, दहा मिनिटांत माणसं पोचली. कॅमेरा गुरुजींनीच मागून घेतला होता, जागाही त्यांनीच ठरवली. दुपारी आडवं होताना ते आपली नमाजची टोपी त्याच्यावर टाकतात. टोपी दिसली की मुलगी आत डोकावायच्या भानगडीत पडत नाही, सरळ फोन करते.

गेल्या आठवड्यात पुन्हा रोह्याला जाणं झालं. अम्मींशी बोललो. त्यांनाही पटलं, यंत्र माजघरातून पडवीत ठेवायला तयार झाल्या. सुनेला आम्ही कॅमेऱ्यावरची झाकणी सरकवून दाखवली, माइक बंद करायचं बटण दाखवलं. तिने दोन-तीनदा स्वतः करून बघितलं. मग विचारलं, “टीचर, मी बंद केलं हे त्यांना तिकडे कळतं का?”

कॉल लावला तर काळं दिसतं, असं आम्ही खरं ते सांगितलं. तिने झाकणी परत उघडी केली आणि चहा टाकायला आत गेली.