हप्त्यावरचा क्यू

पूल खेळणाऱ्या पोरांमध्ये एक समज घट्ट बसला आहे: कार्बन फायबरचा क्यू घेतल्याशिवाय खेळ सुधारत नाही. काही जण त्यासाठी हप्ते भरतात. मला हे पटत नाही.

साधनाला किंमत नाही, असं माझं म्हणणं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिंगो या फ्रेंच माणसाने क्यूच्या टोकाला चामड्याची टिप लावली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. १८९७ मध्ये अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स यांनी नव्या चॉकचं पेटंट घेतलं. टिप घसरणं कमी झालं. खेळ पालटला तो या दोन स्वस्त वस्तूंनी. महागड्या शाफ्टमुळे बाजूची फिरकी देताना पांढरा चेंडू कमी भरकटतो, एवढंच. नेम आणि पुढच्या फटक्याचा विचार विकत मिळत नाही.

फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस मनिलात नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये वाढले. टेबलापर्यंत हात पोहोचेना, तेव्हा कोल्ड्रिंकच्या खोक्यांवर उभे राहून खेळले. १९९९ मध्ये ते नाइन-बॉलचे जगज्जेते झाले. त्यांना लहानपणापासून टेबल मिळालं, ही खरी दौलत.

म्हणून जाब विचारायचाच तर पार्लरमालकाला विचारा. सपाट टेबल, स्वच्छ चेंडू, वेळेवर बदललेली टिप ही त्याची जबाबदारी आहे. गरीब घरचा मुलगा त्याच क्यूवर शिकतो.

आणि पोरांनो, रॅकमधला कोणताही सरळ क्यू उचला, पण रोज तोच उचला. हप्त्याचे पैसे टेबलावरच्या तासांना द्या.