फुकट गेलेल्या इशाऱ्याची किंमत कोण मोजणार?

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गाडली गेली. आमच्या नावड्याहून पनवेल ओलांडून पुढे गेले की चौक लागते, आणि त्याच्या वर डोंगरात ही ठाकरांची वाडी. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेली माणसे पावसात चिखल तुडवत चढली, मोठी यंत्रे खालीच राहिली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जणांचा शोध अखेर थांबवण्यात आला. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचे नावच नव्हते.

त्याआधी ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये. माळीणमध्ये दीडशेवर माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची खबर बाहेर पोचवली ती एस.टी.च्या चालकाने.

दर वेळी सांगितले जाते की आता संगणकावर आधीच कळेल. हे थोतांड नाही. उतार किती, खडकावर मातीचा थर किती, तिच्यात पाणी किती मुरते, मागच्या काही दिवसांत पाऊस किती झाला, हे सारे गणितात घालून कोणता उतार धोक्याला टेकला आहे याचा अंदाज बांधता येतो. मुरलेल्या पाण्याचा दाब वाढला की मातीची पकड सुटते, एवढे साधे ते शास्त्र. इरशाळवाडीला बरोबर वर्ष झाले त्या दिवशी, १९ जुलै २०२४ ला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडींच्या पूर्वानुमानाचे राष्ट्रीय केंद्र कोलकात्यात सुरू झाले. त्याचे स्वागतच आहे.

पण मैत्रिणींनो, संगणक फक्त शक्यता सांगतो. किती पावसाला इशारा द्यायचा, ती रेषा माणसे ओढतात. खाली ओढली तर इशारे वारंवार येणार आणि बरेचसे फुकट जाणार. वर ओढली तर एखादी रात्र हुकणार, आणि ती एकच पुरे असते. शहाणपण रेषा खाली ठेवण्यात आहे. मग फुकट गेलेल्या इशाऱ्यांची किंमत कोणी मोजायची?

आज ती बाई मोजते. इशारा आला की तान्हे मूल, म्हातारी सासू, शेळ्या, दाणागोटा हे सगळे तिनेच आवरायचे. शाळेच्या खोलीत सारी वाडी कोंबलेली, संडासला दार नाही, दिवा नाही. पाळी आलेल्या पोरीने रात्र कशी काढायची? सकाळी मजुरीचा खाडा. डोंगर तर जागेवरच! असे तीनदा झाले की चौथ्यांदा ती म्हणते, त्यापेक्षा घरातच बरे. मग साहेब लोक म्हणायला मोकळे की आदिवासी ऐकतच नाहीत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. स्थलांतराच्या प्रत्येक रात्रीमागे बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, दरड कोसळो वा न कोसळो. निवाऱ्यात दार असलेला संडास, उजेड, पाणी आणि जनावरांना जागा हवी. इशारा घरातल्या पुरुषाच्या मोबाईलवर अडकून न राहता वाडीत भोंग्याने वाजावा. वाडीतच पर्जन्यमापक असावा आणि त्याची नोंद ठेवणाऱ्या बाईला मानधन मिळावे. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, झाड कलले, जमिनीला भेग गेली, हे पाण्याला-सरपणाला जाणारी बाईच आधी बघते. तिने सांगितले तर त्याच दिवशी कोणीतरी येऊन पाहिले पाहिजे.

आणि इशारा हे काही पुनर्वसन नव्हे. जिथे धोका ठाऊक आहे तिथे बायकांना विचारून, त्यांच्या नावावर घर मिळालेच पाहिजे.

पनवेल, खालापूर, कर्जतच्या गटांनी जूनच्या आत वाड्यांवर जावे. बायांना एवढेच विचारावे: मागच्या पावसाळ्यात घर सोडून किती रात्री काढल्या, आणि त्यात काय काय गमावले? तो हिशेब घेऊन आपण तहसीलदारांच्या दारात जाऊ.