टेपरेकॉर्डरचा घसा बसतो तेव्हा

दिवाळीची साफसफाई निघाली की काही घरांच्या माळ्यावरून एक जड पेटी खाली उतरते. साठ-सत्तरच्या दशकांत हौसेने घेतलेला स्पूलचा टेपरेकॉर्डर आणि त्याच्यासोबत पुठ्ठ्याच्या खोक्यांतील फिती. त्यांवर वडीलधाऱ्यांचे बोलणे असते, एखादा विवाहसमारंभ असतो, घरातील कोणी गायिलेले स्तवन असते. उत्साहाच्या भरात फीत चढवली जाते, कळ दाबली जाते आणि आवाज येतो तो घोगरा, थरथरता किंवा नुसताच भुंग्यासारखा. मग यंत्र भंगारात जाते आणि त्यापाठोपाठ फितीही. यंत्र दुसरे मिळू शकते. फितीवरील आवाज गेला की तो तोटा कोणत्याही खात्यातून भरून निघत नाही.

व्यवहारात मूळ दस्तऐवज तिजोरीत राहतो आणि रोजच्या कामाला त्याची प्रत वापरली जाते. येथेही तोच नियम लावावा. दोषाचा शोध नेहमी बिनमोलाच्या फितीवर घ्यावा. मोलाची फीत यंत्र निर्दोष ठरल्यावरच चढवावी.

अनेक वर्षे बंद असलेले यंत्र थेट प्लगमध्ये लावू नये. आतील जुने कंडेन्सर सुकलेले असतात. एकदम पूर्ण दाब मिळाला तर ते फुटतात. जाणकार कारागीर सिरीज बोर्डावर किंवा डिमरस्टॅटने वीज हळूहळू वाढवून यंत्र जागे करतो. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकतो. त्यामुळे झाकण उघडण्याचे काम त्याच्यावरच सोपवावे.

आवाज घोगरा असेल तर पहिला संशय मळावर घ्यावा. सेकंदाला 19 सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर 10,000 हर्ट्झच्या एका स्पंदनाला जेमतेम 0.019 मिलीमीटर जागा मिळते. हेडवर मळाचा सूक्ष्म थर बसला तरी ही बारीक स्पंदने हेडपर्यंत पोहोचत नाहीत. जाड स्वर तेवढे उरतात आणि बोलणे उशीतून आल्यासारखे वाटते. वीज बंद करून, कापसाच्या काडीवर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, हेड आणि फितीच्या वाटेतील धातूचे सर्व भाग काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसावेत. रबरी चाकाला अल्कोहोल लावू नये. सौम्य साबणाचे पाणी पुरे. अनेकदा दुरुस्ती येथेच संपते. तरीही आवाज मंद आणि दबलेला असेल तर फीत मध्येच पिळली जाऊन उलट्या अंगाने हेडसमोर येत नाही ना, हे पाहावे. हेडचा कोन बदलणारा स्क्रू मात्र उगाच फिरवू नये. मूळ जागा हरवली की ती पुन्हा सापडणे कठीण.

आवाज लाटेसारखा वरखाली होत असेल तर दोष गतीत आहे. कडक झालेले रबरी चाक, सैल पट्टा किंवा फीत ओढणाऱ्या दांड्यावर चिकटलेला मळ ही त्याची कारणे. मात्र आवाज स्थिर असूनही सारखाच जाड आणि संथ येत असेल तर यंत्र कोठून आले ते विचारावे. अमेरिकेतील नातेवाइकांनी आणलेले यंत्र तेथील 60 हर्ट्झ विजेसाठी बनवलेले असते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. अनेक यंत्रांची मोटर या हर्ट्झवर चालते. आपल्या 50 हर्ट्झवर ती पाच-षष्ठांश गतीनेच फिरते आणि तासाभराची फीत संपायला 72 मिनिटे लागतात. 1967 साली बाजारात आलेल्या स्विस ‘रेव्हॉक्स ए77’सारख्या यंत्रात मोटरची गती इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने राखली जाते, म्हणून तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

बोलण्यामागून कोणी उलटे बोलत असल्याचा भास झाला तर तो बिघाड नव्हे. पूर्वी फीत वाचवण्यासाठी तिच्या अर्ध्या रुंदीवर एका दिशेने आणि फीत उलटवून उरलेल्या अर्ध्यावर मुद्रण करीत. स्टीरिओ यंत्र दोन्ही अर्धे एकदम वाचते. एका बाजूचा स्पीकर बंद केला की आवाज सुटा होतो.

एकच स्पीकर मुका असेल तर दोन्ही तारांची अदलाबदल करावी. मुकेपणा दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष यंत्रात किंवा तारेत आहे, तसाच राहिला तर स्पीकरमध्ये. यंत्रातील दोष पुष्कळदा बटणांच्या गंजलेल्या संपर्कात असतो. बटणे वीस-पंचवीस वेळा फिरवल्याने तो प्रकट होतो. फीत थांबलेली असतानाही येणारी घरघर बहुधा सुकलेल्या कंडेन्सरची किंवा तारेच्या जोडणीची असते.

कधी दोष फितीतच असतो. किंचाळल्यासारखा आवाज आणि हेडवर साचणारा तपकिरी चिकटा दिसला की त्याच क्षणी यंत्र थांबवावे. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही फितींतील, विशेषतः ‘अँपेक्स 456’मधील, चिकटवणारे द्रव्य हवेतील दमटपणाने विरघळते. अशा फिती मंद, नियंत्रित उष्णतेने तात्पुरत्या बऱ्या करता येतात. परंतु ते काम तज्ज्ञांचे आहे, घरातील ओव्हनचे नव्हे. खोके उघडताच व्हिनेगरचा वास आला तर फीत अ‍ॅसिटेटची असून तिचा ऱ्हास सुरू झाला आहे. तिला उष्णता देऊच नये आणि तिची प्रत करण्यास विलंब लावू नये.

मोलाची फीत अखेर चढवली जाईल तेव्हा यंत्राची तार संगणकाला जोडलेली असावी. जुनी फीत कधी एकदाच धड वाजते. ती एक वेळ केवळ ऐकण्यात खर्ची पडू नये. प्रत झाल्यावर ती दोन ठिकाणी ठेवावी, मूळ फीत जपावी आणि खोक्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहावीत. ते आवाज ओळखणारी माणसे घरात आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.