बंदूक म्हातारी होत नाही, आपण तिला खिळखिळी करतो

आजची नोंद पिकाची नाही, पीक राखणाऱ्या हत्याराची आहे. परवान्याची बारा बोअर, मोडून काडतूस भरायची, एकनळी किंवा दुनळी. पारावर एक वाक्य कायम कानावर येतं: "आजोबांच्या काळातली आहे, आता ढिली होणारच." मला हे अजिबात पटत नाही. वयानं लोखंड ढिलं पडत नाही. ढिलं पडतं ते आपल्या हातानं.

आधी ढिलेपणा म्हणजे काय ते बघू. नळ्या एका आडव्या पिनवर फिरतात. नळ्यांच्या खाली आकडा असतो, तो त्या पिनला धरतो. बंद केल्यावर आतली खीळ आकड्याच्या खाचेत सरकते आणि नळ्यांचं बूड मागच्या लोखंडी भिंतीला घट्ट चिकटून बसतं. बार उडाला की काडतुसाचा धक्का त्या भिंतीवर बसतो आणि नळ्या पुढं सुटू पाहतात. हा सगळा ताण पिन, आकडा आणि खीळ सोसतात. हे तीन झिजले की भिंत आणि नळ्यांच्या मधे फट पडते. झाली बंदूक ढिली.

ट्रॉलीची पिन आठवा. कोरडी, मातीत माखलेली, रोज झटके खाणारी पिन दोन हंगामात अर्धी होते. तिथं आपण वय काढत नाही, ग्रीस काढतो. मग बंदुकीला वेगळा न्याय कशाला?

पहिला गुन्हेगार झटका. सिनेमात बघून पोरं एका हातानं मनगट उडवून फटकन बंद करतात. आवाज छान येतो, पण तो पिनवर आणि खिळीवर घाव असतो. उघडतानाही नळ्या धाडकन खाली सोडतात. बरोबर रीत अशी, की नळ्या जमिनीकडं स्थिर ठेवायच्या आणि दस्ता हळू वर आणून बंद करायचं. यात सुरक्षितताही जास्त.

दुसरा गुन्हेगार कोरडेपणा आणि धूळ. पिनेवर तांबड्या मातीची धूळ आणि गंज बसला की तो पॉलिश पेपरच होतो, प्रत्येक उघडझाप थोडं लोखंड खाते. निवडणुकीत बंदूक जमा करून परत आणली की आधी पुसा, मग वापरा. काहीजण म्हणतात, "आम्ही तेल भरपूर सोडतो." तेल वाहून जातं, आणि बंदूक उभी ठेवली तर दस्त्याच्या लाकडात मुरतं. लाकूड मऊ पडतं, दस्ताही हलायला लागतो. पिन, आकडा आणि खाच, तिन्हीवर बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस बास. मात्र आधी जुनं पुसून काढा. जुन्यावर नवं थापलं तर आतली माती तशीच राहते.

आता समोरच्याचं म्हणणं. "जोराच्या काडतुसानंच बंदूक जाते." यात तथ्य आहे, नाकारत नाही. जुन्या विलायती बंदुकांत बऱ्याच ६५ मिलिमीटरच्या घराच्या आहेत आणि आज आपल्याकडं सर्रास मिळतं ते ७० चं काडतूस. ते आत बसतं, म्हणून लोक निवांत असतात. पण ७० ही लांबी तोंड उघडल्यानंतरची. उडताना तोंड उघडायला घरात जागा उरत नाही आणि दाब वाढतो. तेव्हा घराची लांबी जाणकाराकडून मोजून घ्या. पण वर्षाला चार-दोन बार उडवणाऱ्यानं सगळा दोष काडतुसावर ढकलू नये. बार चार, उघडझाप चारशे. हिशोब तुम्हीच करा.

तपासायचं कसं? दोन्ही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा. पुढचं लाकूड काढा, कारण त्याच्या दाबानं ढिलेपणा लपतो. "माझी तर घट्ट आहे" म्हणणारे बहुतेकजण ते लाकूड न काढताच हलवून बघतात. मग बंदूक बंद करून उजेडासमोर धरा. बूड आणि भिंतीच्या मधून उजेड दिसला, किंवा नळ्या हलल्या, तर बार बंद. फट वाढली की काडतुसाचं बूड फाटून गरम वायू मागं, तोंडाकडं येऊ शकतो. वरची कळ पूर्वी जिथं थांबायची त्याच्या बरीच डावीकडं जायला लागली असेल, तर खीळ झिजल्याची ती खूण समजा.

आणि शेवटचा राग गावठी इलाजावर. आकडा हातोडीनं ठोकून पसरवायचा, पितळी पत्रा डकवायचा, वेल्डिंगवाल्याकडून टाका मारायचा. ठोकलेलं लोखंड थोड्याच बारात परत बसतं, आणि पुढच्या खऱ्या कारागिराचं काम दुप्पट होतं. खरी दुरुस्ती म्हणजे मापाची नवी पिन, किंवा आकडा नीट भरून घासून बसवणं. ती परवानाधारक कारागिरानंच करायची. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो.

रानडुकरानं भुईमूग उकरला की आपण सगळ्यांना जाब विचारतो. एकदा आपल्या बंदुकीची पिनही बघा. या रविवारी पुढचं लाकूड काढा आणि काय दिसलं ते खाली लिहा. परवाना नंबर मात्र टाकू नका.