साक्ष खोडून काढणारा खेळ

व्हिडिओ गेम म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. गोळीबार, मोटारींच्या शर्यती आणि रात्रीची जागरणे, एवढेच त्यांना ठाऊक असते. आणि पुष्कळशा गेमच्या बाबतीत ते खोटेही नाही. परंतु वाचकहो, असाही एक खेळ आहे की ज्यात खेळणाऱ्याच्या हाती फक्त कागदपत्रे असतात. शवविच्छेदनाचा अहवाल, एखादे छायाचित्र, वीज गेल्याची नोंद. खेळणारा हा आरोपीचा वकील. समोर साक्षीदार उभा असतो. त्याची साक्ष एकेक वाक्य वाचायची, खोदून खोदून विचारायचे आणि जेथे तो खोटे बोलतो तेथे योग्य तो कागद पुढे करून ओरडायचे, 'हरकत आहे!' बस्स, एवढाच खेळ. बाकी सारे वाचन. कादंबरीइतके वाचन.

जपानमध्ये या खेळाला 'ग्याकुतेन साइबान' म्हणतात, म्हणजे पारडे फिरविणारा खटला. इंग्रजीत तो 'एस अटर्नी' या नावाने ओळखला जातो. कॅपकॉम या कंपनीतील शू ताकुमी यांनी सात जणांच्या छोट्याशा चमूला हाताशी धरून तो तयार केला आणि 2001 साली 'गेम बॉय ॲडव्हान्स' या खिशात मावणाऱ्या यंत्रावर तो आला. वकिलाचे मूळ नाव नारुहोदो. जपानीत त्याचा अर्थ 'अस्सं होय!' इंग्रजीत त्याचा फिनिक्स राइट झाला. पुढे भागामागून भाग निघाले, पण ती जुनी यंत्रे बाजारातून गेली आणि खेळही त्यांच्याबरोबर अडगळीत पडले. आता तेच खेळ चित्रे सुधारून, मोठ्या पडद्याला शोभतील असे करून, संग्रहांच्या रूपाने परत आले आहेत. 2019 मध्ये पहिले तीन भाग, 2021 मध्ये 'द ग्रेट एस अटर्नी क्रॉनिकल्स', जानेवारी 2024 मध्ये 'अपोलो जस्टिस' आणि सप्टेंबर 2024 मध्ये 'इन्व्हेस्टिगेशन्स'. या शेवटच्या संग्रहातील दुसरा भाग जपानमध्ये 2011 सालीच निघाला होता. बाहेरच्या जगाला तो अधिकृतपणे मिळायला तेरा वर्षे लागली.

हे सारे काय असते, ते पहिल्याच खटल्यावरून सांगतो. खरा गुन्हेगार त्यात आरंभीच दाखविलेला असल्यामुळे कुणाची मजा जाणार नाही. एका तरुणीचा खून झाला आहे आणि तिच्या मित्राला पकडले आहे. एक वर्तमानपत्रवाला साक्ष देतो की, दुपारी एक वाजता मी प्रेत पाहिले. शवविच्छेदनाचा अहवाल म्हणतो, मृत्यू चारनंतरचा. मग एक वाजले हे तुला कसे कळले? म्हणे, टीव्हीवर वेळ ऐकली. पण त्या वेळी इमारतीत वीज नव्हती, तशी नोंदच आहे. मग तो म्हणतो, टीव्ही नव्हे, घड्याळ होते. एक खोटे झाकायला दुसरे, दुसरे झाकायला तिसरे! असे करीत करीत तो स्वतःच जाळ्यात सापडतो. भलताच कागद पुढे केला की खेळणाऱ्याला दंड होतो. दंड संपले की आरोपी दोषी. म्हणजे उगाच आरडाओरडा करणाऱ्याचे येथे चालत नाही.

परंतु आम्ही हा विषय घेतला तो केवळ बुद्धीला चालना मिळते म्हणून नव्हे. या खेळातील न्यायालय मोठे विचित्र आहे. खटला तीन दिवसांत उरकायचा. न्यायाधीश डोलत बसलेले, सरकारी वकिलाच्या दराऱ्याखाली. आरोपीविरुद्धचा पुरावा लंगडा आहे एवढे दाखवून भागत नाही. खरा खुनी कोण, हेही बचावाच्या वकिलालाच शोधून द्यावे लागते. इंग्रजी अवतारात कथा अमेरिकेत नेऊन ठेवली असली तरी हे कोर्ट अमेरिकेचे वाटत नाही, ज्यूरीसुद्धा नाही. नावे बदलली, खाण्याचे पदार्थ बदलले, कोर्ट मात्र जपानीच राहिले. जपानमध्ये खटला उभा राहिला की शंभरात नव्याण्णवांहून अधिक आरोपी दोषी ठरतात. सरकारी वकील कच्चे खटले दाखलच करीत नाहीत हे त्याचे एक कारण. पण एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिलेला माणूस दोषीच, अशी मनाची सवयही त्यातून जडते. खेळात ती सवय अतिशयोक्तीने, हसत हसत दाखविली आहे.

खऱ्या आयुष्यात ती हसण्यासारखी नसते. इवाओ हाकामाता हे माजी मुष्टियोद्धे शिझुओका प्रांतातील मिसोच्या कारखान्यात कामाला होते. (मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा, जपानी घरात त्याचे सूप रोजचे.) 1966 साली कारखान्याच्या एका अधिकाऱ्याच्या कुटुंबातील चौघांचा खून झाला आणि हाकामातांना पकडले. कित्येक दिवस, तासन् तास चौकशी करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतला. कोर्टात त्यांनी तो नाकारला. मग खुनाला वर्ष उलटून गेल्यावर मिसोच्या टाकीत रक्ताचे डाग पडलेले पाच कपडे 'सापडले'. 1968 साली त्यांना फाशीची शिक्षा झाली. पुढे त्या कपड्यांतील विजार त्यांना घालून पाहिली तर ती अंगात शिरेना, तरीही शिक्षा कायम राहिली. शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एकाने 2007 साली जाहीरपणे सांगितले की, आपल्याला ते निर्दोषच वाटत होते.

प्रश्न अगदी या खेळात शोभावा असा होता. वर्षभराहून अधिक काळ मिसोत मुरलेल्या कपड्यावरचा रक्ताचा डाग लाल कसा राहील? हा साधा प्रश्न न्यायालयाच्या गळी उतरायला अर्धे शतक गेले. 2014 साली त्यांची तुरुंगातून सुटका झाली. 26 सप्टेंबर 2024 रोजी शिझुओकाच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले आणि पुरावा तपास यंत्रणेनेच बनविला होता, असे स्पष्ट म्हटले. तेव्हा ते 88 वर्षांचे होते. एवढी वर्षे त्यांच्यासाठी झगडणारी त्यांची थोरली बहीण हिदेको 91 वर्षांची होती. आमच्या भगिनींनी हे नाव लक्षात ठेवावे.

बनावट पुराव्याचा हा विषय खेळवाल्यांनीही टाळलेला नाही. 2007 सालच्या 'अपोलो जस्टिस'मध्ये स्वतः फिनिक्स राइटच वकिलीतून बाहेर फेकला गेलेला दिसतो, कारण त्याने कोर्टात दाखविलेला कागद बनावट निघाला होता. तो त्याच्या हाती कसा आला, ते येथे सांगत नाही. त्याच भागात सामान्य नागरिकांच्या हाती निकाल देण्याचा प्रयोग होतो. जपानमध्ये सामान्य नागरिकांना न्यायाधीशांबरोबर बसविण्याची पद्धत 2009 साली प्रत्यक्षात आली. तिची चर्चा चालू असतानाच हा भाग निघाला होता.

आम्हाला सर्वांत भावला तो 2021 चा संग्रह. काळ मेइजी राजवटीचा, एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या सांध्यावरचा. टोकियोत एका इंग्रज डॉक्टरचा खून होतो आणि र्युनोसुके हा विद्यार्थी पकडला जातो. समोर एक इंग्रज बाई साक्षीला येते, आणि तिच्या देशाशी झालेल्या तहामुळे जपानी कोर्टाचे हात बांधलेले असतात. असे असमान तह जपानवर खरोखरच लादलेले होते. पुढे हा तरुण लंडनला जातो आणि तेथील कोर्टात वकील म्हणून उभा राहतो. समोरचा सरकारी वकील त्याच्या देशाचा, त्याच्या लोकांचा उघड उघड पाणउतारा करतो. हा चिडून उत्तर देत नाही. साक्षीत चूक कोठे आहे ते दाखवितो. नात्सुमे सोसेकी हा खराखुरा लेखक 1900 ते 1902 या काळात लंडनमध्ये एकटा, खिन्न मनाने राहत होता; तोही येथे आरोपी म्हणून भेटतो. परक्या शहरातला, बावरलेला, म्हणून संशय चटकन त्याच्यावर! सहाही ज्यूरर दोषी म्हणाले तरी वकिलाला त्यांची मते एकमेकांसमोर ठेवून विसंगती दाखविता येते. ती फेरी आम्ही दोनदा खेळलो.

आता पालकांसाठी. हे सारे खुनाचे खटले आहेत. रक्तपात बीभत्स नसला तरी प्रेते दिसतात; म्हणून आठवी-नववीच्या पुढच्या मुलांनाच द्यावे, आणि शक्यतो जवळ बसून. खेळता खेळता मुलांना एक सांगावे की, आपल्या कायद्यात गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. खरा गुन्हेगार शोधून देणे हे आरोपीचे काम नव्हे, आणि रास्त संशय उरला तर त्याचा फायदा त्यालाच मिळतो. खेळ हे शिकवीत नाही, उलटेच मनात भरवू शकतो. एक संग्रह तीस-चाळीस तास सहज खातो. परीक्षेच्या दिवसांत हात लावू नये.

मराठीत किंवा हिंदीत हे संग्रह नाहीत. इंग्रजी फार कठीण नाही, कोट्या मात्र पुष्कळ, आणि निम्म्या लोकांची नावे म्हणजेच कोट्या. बहुतेक ठिकाणी वाक्य पडद्यावर थांबून राहते, घाई नसते. शेजारी शब्दकोश ठेवता येतो. आरंभ 2019 च्या संग्रहापासून करावा. लंडनची कथा स्वतंत्र आहे, ती आधी घेतली तरी चालेल. नंतरच्या संग्रहांत यंत्राने आपणच उत्तरे देत कथा पुढे न्यावी अशीही सोय ठेवली आहे. ती बंदच ठेवावी, असे आमचे मत आहे.